शाईचे योद्धे आणि गुरुवारचे ऑपरेशन

मी, दीनानाथ केशव पाठारे, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण सातवी, राहणार हॅम्बर्ग, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. नोटार, म्हणजे इथले नोटरी, म्हणाले, स्वतःच्या हाताने लिहून सही केली की पुरे, इथे साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन घेतले. न जाणो.

१. फ्लॅट आणि बँकेतले सर्व काही पत्नी नंदिनीला. थंडीत तिने हाइत्सुंग, म्हणजे घर गरम ठेवणारे हीटर, पूर्ण बंद करू नयेत, पाइप गोठतात.

२. फ्रेमच्या दुकानातली माझी करवत, पकडी आणि हातोडी सूनबाई ऋचाला. आमच्या घरात खिळा सरळ तिलाच ठोकता येतो. तिच्या नवऱ्याने, आमच्या मयुरेशने, वाईट वाटून घेऊ नये.

३. मी निवृत्त झालो तेव्हा दुकानाच्या मालकीणबाईंनी मला दोन जपानी शाईचित्रे दिली. त्यातला घोड्यावर तलवार उपसलेला योद्धा मेहुणे नरेंद्र यांना द्यावा. परवाही पुण्याहून फोनवर म्हणाले, "काय भागूबाई, सुई पाहून पळालात की नाही अजून?" त्यांना तो शोभेल.

४. दुसरे चित्र मुलगा मयुरेशला. त्यात योद्धा दोन्ही हात वर करून उभा आहे आणि नोकर मागून त्याच्या चिलखताच्या दोऱ्या बांधतो आहे. चिलखताला जाड काळे फटकारे आहेत, मान मात्र एकाच पातळ रेषेची. नंदिनी हसायची, "अहो, याला लढाईला पाठवतायत की बालवाडीत?" मला हसू येत नसे. एवढा दांडगा माणूस, पण त्या दोऱ्यांपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

५. हे कलम जिवंतपणीचे आहे. रविवारी मयुरेशने फोनवर जर्मनमध्ये विचारले, "बाबा, मी येऊ का? भीती वाटतेय?"

मी म्हणालो, "छे! मी काय कुक्कुलं बाळ आहे? तू कामावर जा."

"गेनाऊ! अगदी बरोबर! माझा बाबा स्ट्राँग आहे."

त्यानंतर मला जेवण गेले नाही. मयुरेश, मला फार भीती वाटते. तू ये. आत नेईपर्यंत जवळ थांब. काही होणार नाही, असे म्हणू नकोस. नुसता थांब.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, हे आत्ता ध्यानात आले. म्हणून हा कागद कपाटात न ठेवता फ्रिजवर लावतो आहे. मयुरेशला मराठी समजते, पण वाचता येत नाही. नंदिनी, तू त्याला फोनवर वाचून दाखव. आजच.

सही: दीनानाथ केशव पाठारे
साक्षीदार (मजकूर झाकून सह्या घेतल्या): उत्कर्ष दामले, सुकन्या दामले, शेजारी
हॅम्बर्ग, मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५