आमच्या चौकात सर्कल झालं

१२ ऑगस्ट

सर्कल आज सुरू झालं! चारही बाजूंच्या थांबा-पाट्या उपटून नेल्या. चौकाच्या मधोमध मातीचा उंचवटा, त्यावर गवत. काउंटीचा पोरगेला इंजिनिअर म्हणतो, यानं लोक गाडी नीट चालवायला शिकतील. चौतीस वर्षं याच रस्त्यांवर टपाल वाटलं मी, दंडाची एक पावती नाही. आणि हा मला शिकवणार! विरोधाच्या अर्जावर दोनशे अकरा सह्या दारोदार फिरून आणल्या होत्या. कुणी ढुंकून बघितलं नाही.

बायको, लॉइस, म्हणाली, "झालं ते झालं. आता जेव."

१४ ऑगस्ट

सर्कलमध्ये शिरलो, तर उजव्या हाताला दुधाचा टँकर थांबलेला. नव्या नियमानं आतल्यानं जात राहायचं, पण मी जुन्या रीतीनं आतच थांबलो, हात केला – आधी तुम्ही. त्यानं हात केला – छे, आधी तुम्ही. पुन्हा मी. मागे चार गाड्या खोळंबल्या आणि एकानं चक्क हॉर्न वाजवला. विस्कॉन्सिनमध्ये हॉर्न!

पंपवाला डेल सांगत होता, दोन दिवस सगळं गाव सर्कलमध्ये थांबून एकमेकांना हात करतंय. सवय जाईना. जुन्या चौकात चौघं चार बाजूंनी हात करत बसायचो, मग एकजण लाजत लाजत निघायचा. बहुतेक वेळा मीच.

२० ऑगस्ट

बेकार प्रकार आहे. गाड्या कुठून उगवतात कळत नाही. आज एक निळी गाडी डावीकडून एकदम नाकासमोर. लॉइस ओरडली नाही, पण तिनं दाराची मूठ घट्ट धरली. घरी आल्यावर म्हणाली, "आर्विड, डोळे तपासून घे एकदा."

नाही घेणार. काही निघालं तर लायसन्स जाईल. तिच्या गुडघ्यामुळे ती गाडी चालवत नाही. किराणा तेरा मैलांवर, चर्च सहा. मग काय, उठसूट लोकांना फोन करायचे? मला भीती वाटते. इथं लिहायला काय हरकत आहे.

३ सप्टेंबर

आज आठ मैलांचा वळसा घालून गेलो. सर्कल चुकवायला नव्हे. मका कसा आलाय ते बघायला.

५ सप्टेंबर

शुक्रवार. नेहमीप्रमाणे मासे खायला बारमध्ये. डेल आमच्याच टेबलावर. मी म्हणालो, सर्कलनं कुणी सुधारत नाही, बिघडतात उलट. तो म्हणाला, "सुधारत नाहीच रे. पण आता ज्याचं त्यालाच बघून निघावं लागतं. तुला आधी सगळे हात करायचे, मग तू निघायचास."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"काही नाही. मासा गार होतोय."

लॉइस ताटात बघत होती.

११ सप्टेंबर

धडकलो. लॉइस बरोबर नव्हती. सर्कलमध्ये शिरताना, डावीकडून आलेल्या ब्रिनाच्या – शाळेतल्या मास्तरीणबाईंच्या – गाडीच्या उजव्या बाजूवर. मागचं दार चेपलं. त्या दाराशीच तिची दोन वर्षांची मुलगी, लहान मुलांच्या पट्ट्याच्या खुर्चीत. बिस्किट खात होती. खातच राहिली.

कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. माझा वेग पंधरा, तिचाही तेवढाच. पोलीस पोरगा वही काढून म्हणाला, "जुन्या चौकात कुणी न थांबता पन्नासनं आलं असतं, तर मी आज वेगळ्याच कामाला निघालो असतो."

गाडी लाल होती. दुपारचे दोन, लख्ख ऊन. मला ती दिसलीच नाही. हे मी पोलिसाला सांगितलं, ब्रिनालाही सांगितलं. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

१२ सप्टेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डेलनं नेलं. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसेनासं झालंय. कधीतरी मेंदूला छोटासा झटका येऊन गेला असणार, म्हणे, दोन-अडीच वर्षांपूर्वी. माणसाला कळतही नाही. गाडी चालवणं बंद. मी वाद घातला नाही.

परतताना डेलला विचारलं, "चौकात हात करायचात, ते यासाठीच?"

"एकदा तू माझ्या समोरून गेलास, माझी पाळी असताना. बघितलंही नाहीस. मग आम्ही आपसात ठरवलं – आर्विड दिसला की थांबायचं."

आणि मी प्रत्येकाला उलट हात करायचो, मोठ्या ऐटीत.

१४ सप्टेंबर

लॉइसनं आज सकाळी कॉफी ओतता ओतता सांगितलं. दोन वर्षांपूर्वी काउंटीला पत्र लिहून सर्कल मागितलं होतं ते तिनंच. मी सह्या गोळा करत होतो तेव्हा मला डबा भरून देत होती.

"तुझ्या हातातून किल्ली काढून घ्यायचा धीर मला झाला नाही," म्हणाली. "म्हटलं, आदळणारच असेल तर निदान हळू आदळू दे."