विसार घेतलेलं कलिंगड

प्रिय अप्पा,

तुम्हाला पत्र लिहायचं नव्हतं. गेलं वर्षभर मी तुमच्याशी बोललेले नाही. अव्वा रोज सकाळी शेताच्या कोपऱ्यात तुमच्या समाधीला विभूती लावते, फूल वाहते. मी बांधावरूनच मागे फिरते. "मेलेल्या मानसावर कुटं रुसत्यात व्हय गं?" असं ती विचारते. रुसतात की! मला तरी छान जमलंय.

पण काल मेंढरामागची एक बाई आपल्या शेतावर आली आणि तिनं जे सांगितलं, ते ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. ज्याच्यावर राग आहे त्यालाच सांगून मोकळं व्हावं, म्हणून बसले.

आधी इकडचं सांगते. ऊन तेच. मंद्रूपच्या बाजारपेठेत दुपारी कुत्रंही फिरकत नाही. आम्हा आशाताईंना यंदाही उष्माघाताची पत्रकं वाटायला दिली आहेत. घरोघर जाऊन सांगायचं, की भर दुपारी बाहेर पडू नका, तहान नसली तरी पाणी प्या, ताक प्या, कलिंगड खा. कलिंगडात बहुतेक पाणीच असतं, थकवा उतरतो, लघवीची जळजळ कमी होते. कापून उघड्यावर ठेवलेलं घेऊ नका, साखर असेल त्यानं बेतानं खा. मागे एकदा हेच तुम्हाला वाचून दाखवलं, तर केवढे हसलात! "कलिंगडाचं गुण आमाला सांगतीस व्हय? अगं, आमी पिकवतो त्ये!"

आता मी कुणाच्या दारात उभी राहून 'कलिंगड खा' म्हटलं की बायका मान खाली घालतात. कलिंगडाच्या प्लॉटमध्ये ऊन लागून गेलेल्या माणसाची मुलगी लोकांना कलिंगड खायला सांगत फिरते. यावर कुणी काय बोलावं?

पिकवायचं कसं ते तुम्हाला ठाऊक होतं, हे मी नाकारत नाही. वाफे तुम्ही स्वतः ओढायचात, त्यावरचा प्लास्टिकचा कागद ताणून बसवायचात, वेलाला मोजकीच फळं ठेवायचात. देठाजवळची वेलाची तार वाळली का बघायची, फळ उलटं करून खालचा डाग पिवळा झालाय का बघायचा आणि मगच टिचकी मारायची. ती टिचकी तुम्ही मला माझं बोट धरून शिकवलीत. टणटण वाजलं तर राहू दे, जड डबडब वाजलं तर तोड.

आणि खायचंही तुम्हीच शिकवलंत. सुरीबिरी काही नाही. गुडघ्यावर धरून एक बुक्की, की फळ दोन्हीकडे उघडायचं. मधला लालभडक गाभा हातानं काढून माझ्या तळहातावर ठेवायचात आणि तुम्ही सालीजवळचं पांढरं खरवडत बसायचात. "त्येच लई थंड असतंय," म्हणायचात. मला कितीतरी वर्षं ते खरं वाटत होतं.

पण हे सगळं कधीपर्यंत? विसार हातात पडेपर्यंत! सोलापूरहून बागवानचाचा यायचे, प्लॉटमधून फिरायचे, सौदा ठरायचा, विसाराची नोट तुमच्या हातावर टेकवायचे आणि त्या क्षणापासून आपल्याच वेलावरचं फळ आपल्याला परकं व्हायचं. तोडणी व्हायची असायची अजून, पण तुमचं ठरलेलं वाक्य यायचं, "आता ह्ये आपलं न्हाय." आपली शेळी एकदा आत शिरली आणि तिनं एक फळ कुरतडलं, तर तुम्ही चाचांना ते फळ दाखवून त्यांच्यापुढे शेळीच्या वतीनं माफी मागितलीत. चाचा हसून हसून खाली बसले होते. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. आमचे अप्पा तळंही राखायचे आणि कोरडेही राहायचे.

त्या दिवशी तसंच झालं ना?

तोडणी जवळ आली होती. तोडणीआधी पाणी बंद करायचं, म्हणजे फळ गोड होतं आणि तडकत नाही. म्हणून ठिबक बंद. बोअरची लाईट रात्रीची, म्हणजे दिवसा मोटारही बंद. फोन घरी चार्जिंगला लावलेला. चाचांचा ट्रक कुठल्याही वेळी येईल म्हणून तुम्ही राखणीला बसलेले. निघताना अव्वाला बजावलंत, "उनात भाकरी घिऊन यिऊ नगंस, मी सांजच्याला यीन." बायकोच्या उन्हाची केवढी काळजी! स्वतःच्या डोक्यावर सूर्य नव्हता का तुमच्या?

संध्याकाळी आलाच नाहीत, म्हणून आम्ही दोघी गेलो. तुम्ही कडुलिंबाखाली आडवे होतात. लिंबाची सावली दुपारीच सरकून गेली असणार. कळशी उपडी पडलेली, आत थेंब नाही. हाताच्या अंतरावर वेल. आणि तुमचा एक हात, अप्पा, कलिंगडावर होता. मी ते फळ उचललं. वेडीसारखी टिचकी मारली त्याच्यावर. डबडब वाजलं. पिकलेलं होतं. पाण्यानं भरलेलं होतं आणि अख्खं होतं!

लोक भेटायला आले. जो तो तेच म्हणायचा, शब्दाचा पक्का माणूस गेला. मला वाटायचं, उठावं आणि एकेकाला बाहेर काढावं. शब्द पक्का राहिला, माणूस कुठं राहिला? बागवानचाचा आले ते दारातच बसले. मोठ्यानं रडले. म्हणाले, "एक फोडके खाए होते तो मैं क्या बोलता था, बेटी? सब लेके जाते तोभी कुछ नहीं बोलता था." ऐकलंत? ज्याच्या फळाला तुम्ही हात लावला नाहीत, त्याचं हे म्हणणं होतं. त्याला विचारलं असतंत तर त्यानंच फोडून भरवलं असतं. तुमचा तो नियम कुणीच मागितला नव्हता.

आता कालचं.

मी आणि अव्वा प्लॉटमध्ये होतो. हो, यंदाही कलिंगडच लावलं आहे. अव्वाचा हट्ट. रस्त्यानं मेंढरं चालली होती, त्यातली एक बाई थांबली. कडेवर लहान मुलगी. लिंबाकडे बघत म्हणाली, "हितलं म्हातारं कुटं गेलं वं? गेल्या साली माज्या लेकराचा जीव वाचीवला की त्येंनी."

तिला ठाऊकच नव्हतं, अप्पा. मेंढरं घेऊन ती पुढच्या मुक्कामाला गेली होती. तिनं सगळं सांगितलं; दिवस तोच होता. पोर तापली होती, डोळे फिरवत होती, जवळचं पाणी संपलं होतं. तिनं तुमच्यापुढे पदर पसरला, "बाबा, येक फोडून द्या की." तुम्ही म्हणालात, "ह्ये माजं न्हाय बाई, विसार घेतलाय." आणि उठून अख्खी कळशी तिच्यापुढे ठेवलीत. पोरगी प्याली, बाई प्याली, उरलेलं तुम्ही तिच्या बाटलीत ओतलंत. ती म्हणाली, "आन तुमाला वं?" तुम्ही म्हणालात, "माजं घरनं यायलंय."

घरून! काय येणार होतं घरून? अव्वाला तर तुम्हीच नको म्हणून सांगितलं होतंत!

म्हणजे खोटं बोलता येत होतं तुम्हाला. उभ्या जन्मात कुणी तुमच्या तोंडून खोटं ऐकलं नाही, आणि बोललात ते हे. मग एवढं एक पाप केलंच होतंत, तर त्याच्या जोडीला एक कलिंगड जड झालं होतं का? पोरीला पाणी दिलंत, चांगलं केलंत, त्याबद्दल माझं भांडण नाही. ती पोरगी काल मला बघून हसली, तिच्या गालाला खळी पडते. पण दुसऱ्याचं लेकरू वाचवताना स्वतःच्या लेकराचा एकदा तरी विचार केलात का? मलाही बाप हवा होता की, अप्पा!

बाई गेली. मी तिथंच अव्वाला सांगितलं, "परवा चाचा विसार द्यायला येतील. रस्त्याकडची ओळ सौद्यात नाही. ती जाणाऱ्यायेणाऱ्याची. ज्याला तहान लागेल त्यानं फोडावं, कुणाला विचारू नये."

अव्वा भडकली. "येड लागलंय का तुला? त्येंनी हयातीत कंदी येक फळ मोडलं न्हाय, आन तू ओळच वाटाय निघालीस? त्येंचा शबुद ऱ्हाऊ दे की!"

"त्यांचा शब्दच त्यांना घेऊन गेला," मी म्हणाले. फार मोठ्यानं म्हणाले. अव्वा लिंबाच्या बुंध्याशी पदर तोंडाला लावून बसली. "मला म्हनले हुते, उनात यिऊ नगंस," एवढंच पुटपुटली. "मी ऐकाया नगं हुतं गं."

ऊन उतरल्यावर ती आपणहून उठली. रस्त्याकडच्या ओळीत वाकली, तारा बघितल्या, एकेक फळ उलटं केलं, टिचक्या मारल्या. त्यातलं सगळ्यात जड तोडून माझ्या हातात दिलं. "घे. त्येंच्यासाटी," म्हणाली.

ते फळ आता माझ्यासमोर आहे. पत्र त्याच्याच शेजारी ठेवून लिहिते आहे. राग गेला असं समजू नका. तो माझ्याबरोबरच जाईल.

पण वचन देते. ती ओळ यंदा विकणार नाही, पुढेही कधी नाही. आपल्या शेतावरून कुणी कोरड्या घशानं जाणार नाही, आणि राखणीला बसणाराही कोरडा राहणार नाही. उद्या सकाळी मी बांधावरून मागे फिरणार नाही. तुमच्या समाधीजवळ बसेन, गुडघ्यावर धरून बुक्की मारीन. गाभा तुमच्यापुढे ठेवीन. पांढरं मी खाईन. ते किती थंड असतं ते बघू या तरी.

चाचा उद्या दुपारी येणार आहेत, अप्पा. विसार अजून घेतलेला नाही. फळ आपलंच आहे.

आता तरी खा.

तुमची,
महादेवी