ठेवणीतली गाडी आणि मिठातली गाडी

श्रूजबरी, अमेरिका
गुरुवार, १४ एप्रिल २००५

चि. विष्णूस आक्काचे आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी धडधाकट आहे. तुम्हीही तसेच असाल असं धरून चालते. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने तुला वाचायला मनाई केली, हे कळलं. (तू तसाही पंचांग आणि लाइटबिल सोडून काय वाचत होतास?) म्हणजे हे पत्र माझी भावजय तुला वाचून दाखवत असणार. सुवर्णा, अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. मी चौथीपर्यंतच शिकले आणि त्यातलं एक वर्ष गोवरात गेलं. फोन का केला नाही म्हणाल, तर इथला फोन स्वयंपाकघरात आहे, आमचा परीक्षितही घरी असला की तिथेच घुटमळतो, आणि फोनच्या कार्डातली बाई ऐन मुद्द्यावर मिनिटं संपली म्हणून सांगते. पत्रात मधे कोणी बोलत नाही.

तर गाडीचं सांगते. तुझ्या भाच्याकडे दोन गाड्या आहेत, एक ठेवणीतली आणि एक मिठातली. ठेवणीतली जर्मन आहे, काळी आहे आणि तिच्यात बसण्याआधी चपला एकमेकींवर आपटून झटकाव्या लागतात. विमानतळावरून घरी आले तेवढीच मी तिच्यात बसले. मग थंडी सुरू झाली आणि तिला खोळ घालून गॅरेजमध्ये ठेवलं. कारण असं की इथे बर्फ पडला की सरकार रस्त्यावर मीठ टाकतं. मला खरं वाटेना, म्हणून बोट लावून चाखून पाहिलं. मीठच. खडेमीठ, आणि आपल्या वाण्याच्या मिठापेक्षा बरं. (मीठमोहऱ्यांनी माणसांची दृष्ट काढतात हे ठाऊक होतं, इथे रस्त्यांची काढतात.) आपण कैरी टिकावी म्हणून तिला मीठ लावतो, पण त्याच मिठाने गाडीचा पत्रा खालून सडतो. म्हणून इथली शहाणी माणसं हिवाळ्यासाठी एक जुनी गाडी घेतात, सडायचं तर तिने सडावं. साडी ठेवणीतली वेगळी आणि रोजची वेगळी, तसंच हे. मला लगेच पटलं. न पटायला काय झालं? तुझी स्कूटर घेतल्यापासून माजघरात चादरीखाली उभी आहे आणि तू सायकलवरून दळण आणतोस. पोरगा मामावर गेला, एवढंच.

मिठातली गाडी नोव्हेंबरात आली. परीक्षितच्या ऑफिसातला एक गोरा निवृत्त होऊन उबदार गावाला राहायला चालला होता, त्याची. आमच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीपेक्षा स्वस्त पडली. रंग कधीकाळी हिरवा असावा. ड्रायव्हरचं दार आतून उघडत नाही, काच खाली करून हात बाहेर काढायचा आणि बाहेरून उघडायचं. रेडिओला एकच स्टेशन लागतं आणि त्यावरचा माणूस सारखा कोणावर तरी रागावलेला असतो. हीटर एकदा लावला की इंजिन बंद करेपर्यंत थांबत नाही. पण चालते. मी म्हटलं, पूजा करून घ्या. परीक्षित म्हणाला, आई, सडायला आणलेल्या गाडीची कसली पूजा. (इंजिनिअर आहे, पण विमानात चढताना अजून उजवा पाय आधी टाकतो. मी पाहिलंय.) शेवटी केली. चाकाखाली ठेवलेलं लिंबू थंडीने दगड झालं होतं, चाक वर चढलं, खाली उतरलं, लिंबू जसंच्या तसं. परीक्षितने नारळ आपटला, तर तो बर्फावरून घसरत शेजारणीच्या दारात गेला. उचलून आणला, पुन्हा आपटला, पुन्हा तिच्याच दारात. ती बाई खिडकीतून बघत होती, तिला वाटलं काही खेळ असावा. मग आमची सून आश्लेषा आतून हातोडी घेऊन आली आणि एका घावात नारळाचे दोन तुकडे केले. हा नारळ लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता तुला वाटेल, दोन गाड्या म्हणजे घरात चैन असेल. तर मिठातली घेऊन परीक्षित ऑफिसला, ठेवणीतली खोळीत, आणि आम्ही दोघी खिडकीत. आमच्या गल्लीत बस नाही, रिक्षा नाही, पायवाट आहे ती बर्फाखाली. कोथिंबीर संपली की शनिवारपर्यंत संपलेलीच. आश्लेषाकडे लायसन्स आहे, पण गेल्या उन्हाळ्यात तिच्या हातून ठेवणीतल्या गाडीचा आरसा गॅरेजच्या चौकटीला घासला. तेव्हापासून त्या गाडीला तिने हात लावायचा तो फडक्याने पुसण्यापुरता. दर रविवारी परीक्षित खोळ काढतो, जरा वेळ इंजिन चालू ठेवतो, बॉनेटवर हात फिरवतो आणि खोळ परत घालतो. आम्ही दोघी दारात उभ्या, बारशाला आल्यासारख्या. घुगऱ्या तेवढ्या नसतात.

जानेवारीत ऑफिसने त्याला प्लेनोला धाडलं, तिकडे खाली टेक्सासात, दीड महिना. जाताना मिठातल्या गाडीची किल्ली आश्लेषाला दिली आणि बजावलं, फक्त दूध आणि डॉक्टर. दुसऱ्याच दिवशी दूध आणायला निघालो तर दाराचं कुलूप गोठलेलं. मी आतून कढत पाणी आणून ओतलं. कुलूप उघडलं, मग तेच पाणी दाराच्या फटीत गोठलं आणि दार लागेना. शेवटी माझ्या परकराची नाडी काढून दार सीटला बांधलं आणि दूध आणलं. (परकराला पिन लावली. अंगावर तो डगला असताना कोणाला काय दिसतंय?) काचेवरचा बर्फ काढायला इथे प्लास्टिकचं खरवडणं मिळतं, ते मोडलं, तेव्हापासून माझं लाकडी उलथनं गाडीतच असतं. ते इतकं उपयोगी पडलं की आश्लेषाने हळदीकुंकवाला तसलीच उलथनी वाण म्हणून लुटली. बायका आधी एकमेकींकडे बघत बसल्या. पुढच्या बर्फात सगळ्यांच्या गाड्यांवर उलथनी चालत होती.

दुधापाठोपाठ कोथिंबीर आली, कोथिंबिरीपाठोपाठ देऊळ, आणि देवळापाठोपाठ वूस्टरचं कॉलेज. आश्लेषाने तिथे रक्त-लघवी तपासायच्या कोर्सला नाव घातलं, मंगळवार आणि गुरुवार. एमएस्सी झालेली मुलगी पुन्हा लघवी तपासायला शिकते, हे मला जरा चमत्कारिकच वाटलं. पण तिचा व्हिसा असा आहे की नोकरी करायची नाही, शिकायला हरकत नाही. कागद पुढे सरकतील तेव्हा हाताशी काही असावं म्हणून हा कोर्स. डिसेंबरपर्यंत चालणार आहे. परीक्षित परत आला, तोवर फी भरून झाली होती. तेव्हा तो मित्राच्या गाडीतून ऑफिसला जाऊ लागला. मित्र गाडीत भजनं लावतो म्हणून कुरकुर करायचा, पण जायचा.

मग बर्फ वितळला. ठेवणीतली गाडी बाहेर निघाली, परीक्षित तिच्यात बसून ऑफिसला गेला आणि संध्याकाळी येऊन त्याने मिठातल्या गाडीच्या काचेवर विक्रीचा कागद लावला. म्हणाला, हिवाळा संपला, आता ही कशाला, दोन दोन गाड्यांचा इन्शुरन्स भरायचा उगीच. मी विचारलं, हिच्या कोर्सचं काय. म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. त्याच्या मनात वाईट काही नसतं, मनात येण्याआधीच तो बोलून मोकळा होतो. आश्लेषा मटारची पिशवी उचलून आत गेली. नंतर स्वयंपाकघरात मटार सोलताना म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही. मला हा कोर्स सोडायचा नाहीये." एवढंच बोलली आणि टरफलं दाण्यांच्या भांड्यात टाकत राहिली. मी ती वेचून काढली. मला तिचा काही फार पुळका नाही. मिठाच्या देशात राहून आमटीत मीठ कमी घालते. पण मी मेअखेर परत येणार, त्यानंतर या घरात तिच्या बाजूने कोण बोलणार? ठेवणीतली गाडी काही बोलायची नाही.

त्याच आठवड्यात मला सांडगे घालावेसे वाटले. (योगायोग.) मूगडाळ वाटली, कोहळा मिळाला नाही म्हणून दुधी किसून घातला, हिंग आणि लाल तिखट आपल्या मापाने. वाळवायचे कुठे? गच्ची नाही, आणि अंगणात काही वाळत घातलं तर सोसायटीची चिठ्ठी येते. गाडी मात्र उन्हात उभी होती, काचा बंद. ऊन काचेतून आत शिरतं आणि त्याला बाहेरची वाट सापडत नाही, आत अगदी वैशाख. मागच्या सीटवर धोतर पसरलं आणि सांडगे घातले. पुढच्या सीटवर भरलेल्या मिरच्या. पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक जाडजूड गोरे गृहस्थ. दार उघडलं, वाकले, तसेच सरळ झाले आणि शिंकत शिंकत आपल्या गाडीकडे गेले. दुसरी एक बाई आली, तिने गाडीत कोण वारलं म्हणून विचारलं. परीक्षित मला म्हणाला, आई, विकायच्या गाडीत कोणी सांडगे घालतं का? मी म्हटलं, ठेवणीतलीत घालू का?

सगळं मार्गी लागलं होतं आणि वेदांत आला. नागपूरचा, वूस्टरला शिकतो, वाळकं पोर. त्याने दार उघडलं, वास घेतला आणि मागच्या सीटच्या कडेला जाऊन बसला. उठेना. ओला सांडगा तोंडात टाकला, आजी म्हणाला, आणि गाडी हीच घेणार म्हणाला. ड्रायव्हरचं दार आतून उघडत नाही हे मी दोनदा दाखवलं. त्याला त्याचंही कौतुक. मी त्याला आत बोलावून पिठलं-भात वाढला, की पोटात गेल्यावर तरी डोकं ताळ्यावर येईल. जेवला, पाया पडला आणि शनिवारी चेक घेऊन येतो म्हणून गेला.

तेव्हा नाइलाजाने मला परीक्षितला आपल्या घराण्याचा रिवाज सांगावा लागला. वाहनाचा नारळ ज्याच्या हातून फुटतो, वाहन त्याचं. त्याच्या मर्जीशिवाय विकायचं नाही. आपल्या आजोबांनी आजीला न विचारता बैल विकला, तर तो गिऱ्हाइकाचं दावं तोडून परत आला आणि आजोबांनाच शिंगावर घेतलं. त्यांचा पाय कायमचा अधू झाला. परीक्षित म्हणाला, हे मला कधी कोणी सांगितलं कसं नाही? मी म्हटलं, तुझ्याकडे विकण्यासारखं होतं काय? तो हसला. पण काचेवरचा कागद त्याच दिवशी उतरला आणि वेदांतला अक्षय्य तृतीयेपर्यंत थांब म्हणून निरोप गेला. ज्याला विमानात उजवा पाय लागतो, त्याला बैल पुरतो.

बाकी विशेष नाही. डोळ्यात थेंब वेळेवर घाल. चोळू नकोस.

तुझी,
आक्का

ता. क. आता कामाचं. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी परीक्षित नेहमीसारखा तुला फोन करील आणि रिवाज खरा का म्हणून विचारील. तू म्हणायचं, खरा. माझ्या बोलण्यावर तो वकिलासारखे प्रश्न काढतो, मामाचं मात्र मुकाट ऐकतो. आपले आजोबा शिंपी होते आणि आपल्या घरात बैल आला तो पोळ्याला मातीचा, हे मलाही माहीत आहे. तुझी साक्ष मागतेय, माहिती मागत नाहीये. बैलाचं नाव मी पाखऱ्या सांगितलंय, पाय डावा. पदरचं काही घालू नकोस, तू गोष्ट सांगायला लागलास की फार लांब नेतोस.

आणखी एक. हे पत्र मी मिठातल्या गाडीत बसून लिहिते आहे, कॉलेजच्या आवारात. आश्लेषा आत वर्गात आहे. गाडी मागे घेताना ती घाबरते, म्हणून मी मागे वळून डावं-उजवं सांगते. कालपासून तिला न विचारता येऊ लागलंय. मी अजून सांगतेच.

शेवटचं. रिवाज एका घराला लागू आणि दुसऱ्याला नाही, असं चालत नाही. तू परीक्षितला हो म्हणालास की तो तुलाही लागू. तुझ्या स्कूटरचा नारळ तुझ्या हातून फुटला नव्हता, पायरीवर आपटून तू नख मोडून घेतलंस. फोडला तो सुवर्णाने, मी तिथे उभी होते. तिला चालवता येते, माहेरी लूना चालवायची. आणि वाचणारीला हे वाक्य गाळ म्हणून सांगू नकोस, तिने ते आत्ताच वाचलं. सुवर्णा, चादर आधी झटकून घे, खाली झुरळं असतील.