पहिला सिलिंडर

३ मार्च १९९६, फरीदाबाद
जेवणाच्या टेबलावर इंजिन! म्हणजे इंजिनाचा ब्लॉक – जुन्या फियाटचा, चार सिलिंडरांचा, तेलकट. खाली वर्तमानपत्रं पसरली की झालं, असं ह्यांचं म्हणणं. आमच्या लेकीला, अपूर्वाला, गुडगावात नोकरी लागलीय, तिकडे धड बस नाही. "रोज मी सोडीन तिला," म्हणाले. म्हणून ही गाडी. इंजिनही स्वतःच उघडायचं. जन्मभर सरकारी इन्स्पेक्शनमध्ये काढलेला माणूस, दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवेल तर शपथ.

५ मार्च
ज्ञानात भर पडली. सिलिंडर वरच्या टोकाला जास्त झिजतो, आणि गोल न राहता लांबट होतो. म्हणून वर, मध्ये, खाली – तिन्हीकडे उभं आणि आडवं माप. झीज थोडी असेल तर नुसत्या पिस्टनच्या रिंगा बदलायच्या, जास्त असेल तर सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कोरून, मोठे पिस्टन. ह्यांनी आतला व्यास मोजणारा बोअर गेज आत सोडला, आकडे पुटपुटले. मग म्हणाले, "उद्या परत बघू."

८ मार्च
आजही परत. तोच पहिला सिलिंडर, आणि आकडा कालच्याहून वेगळा! बोअरिंगवाला फोनवर वैतागला, "भाईसाब, हां या ना, कुछ तो बोलो." मीही बोलले. मांडीवर ताटं घेऊन जेवतोय आम्ही. पण हे चिडले नाहीत. एरवी केवढे उसळले असते. मला बरं वाटलं नाही.

११ मार्च
हे ऑफिसला गेल्यावर गेज मी हातात घेतला. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना मापंच तर शिकवते. हलकेच झुलवायचा, काटा जिथून मागे फिरतो तो आकडा. दर वेळी एकच आला. झीज अगदी थोडी. नुसत्या रिंगांवर भागेल.

संध्याकाळी ते मोजत असताना मी काट्याकडे नाही, हाताकडे पाहिलं. उजवा अंगठा थरथरतोय. चहाचा कप हल्ली डाव्या हातात का असतो, ते आत्ता कळलं.

१२ मार्च
पोळ्या करपल्या. अपूर्वा म्हणाली, "आई, तुझी तबियत ठीक आहे ना?" हो म्हटलं. तिला काय सांगू – बाबा तुला गाडीनं सोडू शकणार नाहीत?

१४ मार्च
शेवटी विचारलं. अहो, सिलिंडर चांगला आहे, मी मोजलाय. तुमच्या लक्षात येत नाही का?

"पहिल्याच दिवशी आलं. डाव्या हातानं मोजला तेव्हा," म्हणाले. "त्यानंतर रोज उजवा हात मोजतोय, कुमुद. किती बिघडतोय ते."

मग गेज पेटीत ठेवून म्हणाले, "गाडी मी पुरी करतो. चालवायला तू शीक."