काचेमागचे वसंतराव

सोमवार, ९ जून २०२५, सकाळी साडेदहा

बरोब्बर या वेळी मी काढलेल्या घड्याळाला चूक दिली! बाकी लातूरचं हे पुनर्वसन केंद्र झकास. खोली हवेशीर, चहा नांदेडच्या इस्पितळापेक्षा बरा. अर्धांगाच्या झटक्यातून मी सावरलेच आहे. आठवडाभर तपासण्या, मग वसंतरावांबरोबर घरी.

इथली थेरपिस्ट पोर, जळकोटची तनुजा, तिनं कागदावर घड्याळ काढायला लावलं. म्हणे, "आज्जी, बाराही आकडे उजवीकडंच दाटलेत की!" मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की डोळे चांगले असूनही डावीकडचं ध्यानातच येत नाही म्हणे. आयुष्यभर भूमिती शिकवली मी. कॉन्व्हेंटात नन्सच्या छड्या खाऊन शिकलेलं वर्तुळ आहे ते!

मी वळून बघावं म्हणून वसंतरावांना ती माझ्या डावीकडे बसवणार. सत्यनारायणाला बसतो तसं, असं ते म्हणाले. दोघंही हसलो.

मंगळवार, १०

ताटात चटणी नाही, कोशिंबीर नाही, मीठसुद्धा नाही. वाढायची ही कुठली रीत? तनुजानं ताट फिरवलं. चटणी आली, भाजी गेली. हातचलाखी!

वसंतराव फिरकले नाहीत. आवाज मात्र त्यांचाच. इथंच आहे म्हणे. कुठे?

गुरुवार, १२

अंथरुणात कुणाचा तरी हात आहे. गार, जड. बाईचा. त्यात माझ्या पाटल्या! तनुजा म्हणते, "तुमचाच हाय, आज्जी." माझा हात मला कळत नाही? ढकलून दिला — परत आला.

वसंतराव रडत होते. दिसले नाहीत.

शुक्रवार, १३

तनुजानं सरावासाठी उजवीकडे मोठा आरसा लावला. त्यात सापडले! काचेमागे बसलेत. त्या बाईचा हात छातीशी धरून. माझा नाही — तिचा.

हात पुढे केला. काच लागली. "चंद्रा, तिकडे नव्हे, इकडे," म्हणाले. पण ओठ तिकडेच हलले.

शनिवार, १४

केंद्रप्रमुखांस —

माझ्या नवऱ्याला काचेत का ठेवलंय? सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. त्यांच्याशिवाय मी —

काचेत ते घामाघूम झालेत. छाती दाबून धरलीय. मला हाक मारतायत. घंटी वाजवली, कुणी येत नाही. मी काच ठोकतेय, ते बघतच नाहीत — मान कलली —

वसंता, हात दे, मी इथं —