तांडेलकाकांचा दिवा

तीर्थरूप मावशीस सान-हाचा जमिनीला कपाळ टेकून नमस्कार.

मागच्या महिन्यात, शनिवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी शेजारच्या दिव्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि माझं आयुष्य बदललं. (तुझे गुडघे कसे आहेत? हे आधी विचारायला हवं होतं.) आई बरी आहे, म्हणजे अर्धवट सोडलेल्या कॉलेजची आठवण मला दिवसातून दोनदाच करून देते.

तर आमचे शेजारी प्यो तांडेलकाका. समुद्रात माकूळ मासे मिळेनासे झाले तेव्हा त्यांनी होडी विकली, पण होडीवरचा एक दिवा ठेवून घेतला आणि अंगणातल्या खांबावर चढवला. ज्या उजेडाला भुलून मैलभरावरचे माकूळ वर यायचे तो आमच्या कुंपणापासून अठरा हातांवर! आमचा कोंबडा हल्ली रात्री आठला आरवतो. तेही चाललं असतं, पण आईचं सोयाबीन बिथरलं. रात्र झाल्याचं कळल्याशिवाय ते शेंगा धरत नाही. नुसता पाला, माझ्या छातीपर्यंत. आता सोयाबीन नाही म्हणजे शिजवून, कुटून टांगायच्या लाद्या नाहीत, लाद्या नाहीत म्हणजे आंबवणाची मडकी रिकामी, आणि तुझा वर्षाचा डबाही.

मी भांडायला गेलो. (प्राध्यापकांशी भांडलो तसा नाही, या वेळी चपला काढून.) काका म्हणाले, "तुझी आई आधी माझ्या माशांच्या वासावर ओरडायची, आता उजेडावर. अंधारावर ओरडेल तेव्हा ये." माझं डोकं फिरलं. शनिवारी ते आंघोळीला शिरलेले पाहून खांबावर चढलो. गोणपाटातून आधी वाफ आली, मग धूर. पण अंगण काळंभोर!

तेवढ्यात अंधारात काकांच्या फाटकाऐवजी आमचं फाटक वाजलं आणि बॅग ओढत एक मुलगी थेट आमच्या सोयाबीनमध्ये शिरली. "बाबा! दिवा का नाही? मला वाटलं तुम्हालाच काही झालं!" काकांची उन-सोल. (शाळेत माझ्यापुढे दोन वर्ग, मला शेंबड्या म्हणायची.) तुमच्या पोहांगला इस्पितळात कामाला असते, शनिवारच्या शेवटच्या बसने येते. वळणावरून दिवा दिसला की बाबा बरे आहेत, एवढंच तिला कळायचं असतं. मला सुचलं ते बोललो, "बाबा आंघोळ करतायत." ती वर बघत म्हणाली, "मग तू वर काय धुतोयस, शेंबड्या?" आणि डोळे पुसता पुसता हसली. मावशी, मी तिथेच संपलो. मग काकांनी मला आणि गोणपाटाला एकाच बादलीत विझवलं. (दिवा फुटला नाही. समुद्रातला आहे.)

त्यानंतर तीन शनिवार ती आलेली नाही. ड्यूटी बदलली म्हणे. काका दिवा रोज लावतात. "येईल तेव्हा येईल," म्हणतात, "आपण लावायचा."

असो. गावप्रमुख तुझे वर्गमित्र. त्यांना फोन करून दिवा उतरवायला सांग, असं आईने लिहायला सांगितलं आहे. लिहिलं.

तुझा,
सान-हा

ता. क. फोन करू नकोस. त्याऐवजी माझ्या नावाने बसवर एक पोतं सोयाबीन चढव. झोडपणी यंदा मीच करणार आहे. आमच्याच झाडांचं म्हणून आईपुढे ठेवीन.

ता. क. २. त्या इस्पितळावरून गेलीस तर तिला सांग, दिव्यावरची खारट धूळ हल्ली मी पुसतो. वळणावर बसचा आवाज येतोय, चौथा शनिवार आहे. मी निघालो. दार घट्ट ओढून घेतो, आईच्या डोळ्यांवर उजेड यायला नको.