देल्फिनाबाई आमच्या माडीवर झोपल्या, त्याची हकिगत

बेनोनी धक्का, कामिगिन
लान्सोनेस पिकायचे दिवस

तीर्थस्वरूप मानांग पेलाग्या हिला,

तुझा हात माझ्या कपाळाला लावून घेतला असं समज आणि मगच हे पत्र वाचायला घे. चष्मा लाव. मानोंग रोमान भावोजींचा खोकला कसा आहे? (तू बोलायला लागलीस की तो वाढतो, हे मागच्या खेपेला माझ्या ध्यानात आलं होतं, पण मी पाहुणा होतो, गप्प बसलो.) तुझे गुडघे, तुझी शेळी, शेजारणीशी चाललेलं ते कुंपणाचं भांडण, सगळं मार्गी असो. धाकट्या भावाची तब्येत बरी, टपरी बरी, छप्परही बरं. एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं. पण परवा फोनवर 'काय झालं, काय झालं' म्हणत तू मला काय झालं ते सांगूच दिलं नाहीस आणि वर रागावून फोन ठेवलास, म्हणून पहिल्यापासून लिहितो. मधेच तोडायला तू इथे नाहीस, पत्राचा हा एक मोठा फायदा.

देल्फिना माकाराएगच्या बाबतीत आपण दोघं कसे आहोत, हे दोन्ही बेटांवर जगजाहीर आहे. तिच्या मूतखड्याची बातमी आली तेव्हा तू इलोइलोत मेणबत्ती लावलीस आणि मी इथे. नवऱ्यानं तिला सोडलं (तू म्हणतेस तिनं त्याला सोडलं, कात्रणं दोन्ही बाजूंची आहेत), तिची मांजर मेली, तिनं केस कापले, मूतखडा परत आला. तू पाठवलेलं एकूण एक कात्रण टपरीच्या फळीवर डकवलेलं आहे. बोटीला उशीर असला की उतारू आधी तिची ख्यालीखुशाली वाचतात आणि मग तिचीच कादंबरी भाड्यानं मागतात. पंचाईत होते ती भोंगा वाजल्यावर. ज्याचा शेवट राहिलाय तो पुस्तक माझ्या अंगावर टाकून पळतो आणि बोटीच्या कठड्याला धरून ओरडतो, "नोय सिमो, खून कुणी केला?" मी धक्क्याच्या टोकाशी जाऊन ओरडतो, "डॉक्टरनं!" त्या उतारूचा जीव भांड्यात पडतो आणि धक्क्यावर तेच पुस्तक वाचत बसलेले बाकीचे माझा उद्धार करतात.

फक्त 'खाऱ्या पाण्यातली घंटा' या पुस्तकाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आम्पारोची बहीण समुद्रात बुडाली असं सगळे म्हणतात, प्रेत मिळत नाही, आणि शेवटच्या पानावर आम्पारो दिवा घेऊन जिन्याशी येते तर पायऱ्यांवर ओली पावलं, वर गेलेली. बस्स, तिथेच पुस्तक संपतं. पुढचा भाग लिहिते म्हणाली, त्यालाही वर्षं लोटली. तू म्हणत आलीस ती पावलं खुन्याची, मी म्हणत आलो भुताची, आणि त्यावरून एका नाताळात आपण जेवलोही नाही. बोटीवरून कुणी त्या पुस्तकाचं विचारलं की मी नुसते हात हलवतो. लोकांना वाटतं, निरोप देतोय.

तर अशात तुझा निरोप आला की देल्फिना मनिलाहून नाहीशी झाली, घराला कुलूप, प्रकाशक गप्प, रेडिओ लाव. मी रेडिओ लावला, ऐकला, आणि मला जेवण जाईना. त्याच आठवड्यात सकाळच्या बोटीतून एक बाई उतरल्या. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात एक पेटी. टपरीशी आल्या, पुस्तकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही (स्वतःचीच पुस्तकं कोण कशाला बघेल?) आणि म्हणाल्या, "इथे झोपायला एखादी खोली मिळेल का हो?" मानांग, पुस्तकाच्या पाठीवरचा तिचा फोटो आठव. रुमाल, काळा चष्मा, अर्धा चेहरा अंधारात. मी मुकाट्यानं पेटी उचलली. माडी माझी लुमिंग वारल्यापासून रिकामीच होती. नाव विचारलं तर म्हणाल्या, पोतेन्सियाना तुपास, तुझ्या इलोइलोच्याच. मी मनात म्हटलं, वा, खोटं नाव घ्यावं तर असं! कुणाला संशयसुद्धा येणार नाही. "डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ऊन सोसत नाही," त्या म्हणाल्या. "अर्थात, अर्थात," मी म्हणालो आणि एक डोळा मिचकावला. त्यांनी माझ्याही डोळ्याची काळजीनं चौकशी केली.

मी कुणालाच सांगितलं नाही. गावचे कपितान क्रिस्पुलो यांना तेवढं सांगितलं, कारण काही कमीजास्त झालं तर जबाबदारी त्यांची. आणि फादर आन्सेल्मोंना, कारण त्यांच्या कानात गेलेलं बाहेर पडत नाही. (तो नियम फक्त कबुलीजबाबापुरता आहे, असं त्यांनी मागाहून सांगितलं.) दुपारपर्यंत गावाला कळलं होतं, पण सगळ्यांनी शपथ घेतली की बाहेरगावच्या एकाही माणसाला कळू द्यायचं नाही. आणि खुणाही तशाच पटत गेल्या. बाई बाजारात गेल्या आणि धारदार सुरी मागितली. पपईसाठी हवी म्हणाल्या. दुकानदारानं मान डोलावली आणि शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. पाण्यात बुडालेल्या दफनभूमीपाशी खोली किती, असं त्यांनी होडीवाल्याला विचारलं, त्या दिवशी तो माणूस इतका खुशीत होता की त्यानं कुणाला होडीचं भाडंच मागितलं नाही. कळस झाला तो मासळीबाजारात. बाईंनी बेलेन कोळिणीकडे नुसतं एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "जड उचलू नकोस गं, तिसरा लागलाय ना?" बेलेनच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं! तो तिथेच टोपलीवर बसला. रहस्यकथा लिहिणारीशिवाय असं कुणाला ओळखता येईल, तूच सांग.

बाकी वेळ त्या झोपत. सकाळी झोपत, जेवून झोपत, संध्याकाळी समुद्राकाठी थोडं फिरून येत आणि पुन्हा झोपत. आम्हाला पक्कं माहीत होतं की ती झोप नाही, तो पुढचा भाग चाललाय. कपितानांनी फर्मान काढलं: गावात आवाज नको. कोंबडे गाड्यांत घालून बेटाच्या पलीकडे सासुरवाड्यांना पाठवले. तीनचाकीवाले आमच्या वळणाशी इंजिन बंद करून गाडी ढकलत नेऊ लागले, आतले उतारूही खाली उतरून हात लावत. फादरांनी घंटेच्या लोलकाला गोणपाट गुंडाळलं. प्रार्थनेची वेळ झाली की कुठेतरी दूर कुणी उशी झटकतंय असं वाटायचं. आणि मानांग, यावर तुझा विश्वास बसणार नाही, नांग बासिल्यानं तिचं गाण्याचं यंत्र बंद करून त्यावर चादर टाकली. ज्या यंत्रावर आपलं अख्खं गाव माइक धरून बेसूर गातं, आणि जे वादळातही बंद पडलं नव्हतं, ते!

मग एक गंमत झाली. इतकी शांतता गावाला ठाऊकच नव्हती, तिचं काय करायचं ते कुणाला कळेना, आणि हळूहळू सगळेच झोपायला लागले. दुपारी बाजारातून जावं तर वांगी जागी आणि वांगीवाली झोपलेली. बोटीचं दोरखंड सोडायला आलेला माणूस दोरखंडावरच डोकं टेकून निजलेला, आणि उतारूही काही म्हणत नसत, तेही पेंगत. डोंगरावरून ढग उतरायचा, नारळींच्या डोक्यांवर बसायचा आणि उठायचं विसरायचा. मी टपरीत बसून लाटा ऐकायचो. इतकी वर्षं धक्क्यावर काढली, पण लाट वाळूवरून परत जाताना बारीक काहीतरी पुटपुटते, हे मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. लुमिंगसुद्धा अशीच पुटपुटायची, भांडी घासताना. माझा डोळा लागायचा आणि जागा झालो की ऊन जागचं हललेलं असायचं, मी कशाची तरी वाट बघत होतो एवढं आठवायचं, कशाची ते नाही.

शेवटी एका दुपारी मी धीर केला. बाई गॅलरीत लान्सोनेस सोलत बसल्या होत्या. मी म्हणालो, "एकच विचारतो. ती पावलं कुणाची?"

"कुठली पावलं?"

काय तो चेहरा, मानांग! निरागस, जणू काही माहीतच नाही. मी हसलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही पहिल्यापासून सांगा, म्हणजे मला कळेल." मला वाटलं, आपली परीक्षा घेतायत. मी 'खाऱ्या पाण्यातली घंटा' पहिल्या पानापासून सांगायला घेतली. बहीण बेपत्ता होण्याआधीच बाईंना झोप लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. असं होत होत किती दुपारी गेल्या कोण जाणे. बहीण रोज बुडायची आणि बाई रोज तिच्या आधी. ज्या दिवशी मी जिन्यापर्यंत पोचलो त्या दिवशी त्या जाग्या होत्या. त्यांनी हातातलं फळ खाली ठेवलं.

"बहिणीचीच पावलं असणार," त्या म्हणाल्या.

"पण ती तर बुडाली!"

"बुडाली असं लोक म्हणतात. ती दमली होती हो. एवढ्या घराचं सगळं तीच करत होती, तुम्हीच सांगितलंत. पाण्यात उतरली, अंगाला बरं वाटलं, वर जाऊन झोपली. कुणी तिच्या खोलीत जाऊन बघितलं का?"

नव्हतं बघितलं! तीनशे पानांत एकानंही बघितलं नव्हतं! मला पहिल्यांदा राग आला. खुनाच्या कादंबरीत खूनच नाही म्हणजे काय? जिना उतरून खाली आलो आणि माझ्या लक्षात आलं की मी रडतोय. ती बहीण वर नुसती झोपली आहे, आणि आम्पारो दार लोटून तिच्या अंगावर पांघरूण घालणार आहे, ही गोष्ट मला इतकी बरी वाटली की मी कुणालाच सांगितली नाही. (फक्त फादरांना. त्यांनी रविवारच्या प्रवचनात सांगितली.)

त्यानंतरच्याच मंगळवारी नांग बासिल्याच्या दुकानात टीव्हीवर बातम्या चालू होत्या, आवाज अर्थातच बंद. पडद्यावर देल्फिना आली. केस आखूड, दात नवे, हातात नवं पुस्तक. कपितानांनी आवाज मोठा केला. देल्फिना सांगत होती की ती कुठेही गेली नव्हती, दातांचं काम चाललं होतं, बोलता येत नव्हतं म्हणून घराला कुलूप लावून मावशीकडे राहिली होती. दुकानात सगळं गाव होतं. आणि दारात आमच्या बाई उभ्या होत्या, पपई घेऊन.

"मग ह्या कोण?" कपितान म्हणाले.

"मी पोतेन्सियाना. पहिल्या दिवशीच नाव सांगितलं होतं. सुईण होते मी, आता निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांच्या पोरांनी मला झोपू दिलं नाही, म्हणून इथे झोपायला आले." मग सगळ्यांकडे पाहून म्हणाल्या, "का? मला कोण समजलात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बेलेनचा नवरा तेवढा म्हणाला, "तरीच!"

त्या संध्याकाळी गावानं सूड घेतला. नांग बासिल्यानं चादर ओढून काढली आणि यंत्र आमच्या माडीखालीच आणून लावलं. कपितान स्वतः गायले. पाठोपाठ कोंबडे परत आले, तीनचाक्या आमच्या वळणाशी मुद्दाम थांबून इंजिनं गुरगुरवू लागल्या, फादरांनी गोणपाट काढून घंटा अशी बडवली की कबुतरं उडाली. मी कान झाकून माफी मागायला वर गेलो. दार ठोठावलं, उत्तर नाही. हळूच लोटलं. पोतेन्सियानाबाई कुशीवर वळून गाढ झोपल्या होत्या. बाळंतिणींच्या किंकाळ्यांत डुलक्या काढायला शिकलेलं ते माणूस! तिला झोपेसाठी शांतता कधी लागतच नव्हती. आम्ही सगळे उगाचच गप्प होतो.

आता गाव निवळलंय. दुपारी दोन ते चार नांग बासिल्या आपणहून यंत्र बंद ठेवते. म्हणते, सवय झाली, तेव्हा झोप येते. या मंगळवारी मनिलाहून नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला, त्यात देल्फिनाचा पुढचा भाग आहे. धक्क्यावर झुंबड आहे. माझी प्रत मी अजून उघडलेली नाही. दुपारी मी गॅलरीत तिचीच एखादी जुनी कादंबरी सांगत बसतो, पोतेन्सियानाबाई खुनाच्या आधी झोपतात, आणि मग मला पुढचं सांगावंसं वाटत नाही.

तुझ्या शेळीला माझा नमस्कार, मानोंग रोमानला खोकल्यासाठी आलं पाठवतोय.

तुझाच, आयुष्यभर ऐकून घेत आलेला,
सिमप्लिसियो

ता. क. नवा भाग तू वाचला असशीलच. पावलं कुणाची ते मला कळवू नकोस. भांडायचं असेल तर दुसरं काहीतरी काढ.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं. पोतेन्सियानाबाईंचा थोरला भाऊ, दोमिंगो तुपास, तुझ्याच इलोइलोत मोलो भागात चर्चच्या मागे राहतो. आपल्याकडे मागणी घालायला मुलाकडची वडीलधारी माणसं जातात. माझ्या वडीलधाऱ्यांत आता तू एकटीच उरली आहेस, आणि मुलगा सत्तरीला आलाय. रविवारी मानोंग रोमानला धुतलेला शर्ट घालून बरोबर ने. जाताना चांगली मोठी बिबिंगका ने, वर चीज घातलेली, गोड. शेळीचा विषय काढू नकोस. बाईंना मी अजून काही विचारलेलं नाही, तेव्हा बोलताना जरा बेतानं.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी मी पाण्याचा तांब्या आणायला गेलो, तेवढ्यात त्यांनी पत्र वाचलं. सगळं वाचलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "बिबिंगका नको म्हणावं, दोमिंगोला मधुमेह आहे. खेकडे न्यायला सांगा."